हप्त्यातला खरा दर आणि जर्नलमधला न्यूटन-रॅफसन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संख्यात्मक पद्धतींच्या प्रात्यक्षिक परीक्षेत न्यूटन-रॅफसनची, म्हणजे अंदाज पुन्हा पुन्हा सुधारत समीकरणाचे मूळ काढण्याच्या रीतीची, स्लिप (प्रश्नाची चिठ्ठी) बहुधा एकाच ठशाची असते. एक घन समीकरण, सुरुवातीची किंमत प्रश्नातच दिलेली आणि ‘चार दशांश स्थळांपर्यंत मूळ काढा’ ही सूचना. विद्यार्थी जर्नलमधला पंधरा ओळींचा प्रोग्राम टंकतो, तीन फेऱ्यांत उत्तर येते, एक्स्टर्नल सही करतात. तो प्रोग्राम चुकीचा नसतो, पण अर्धा असतो. समीकरण नीट वागले नाही तर काय करायचे, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. गुण द्यायचे तर त्या उरलेल्या अर्ध्याला द्यावेत आणि त्यासाठी घन समीकरण सोडून घराघरातले एक समीकरण घ्यावे, असे सुचवण्यासाठी हे पत्र.

ते समीकरण कर्जाच्या हप्त्याचे. दुकानात, शोरूममध्ये ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’ अशी पाटी असते. १,००,००० रुपये, २४ महिने, १२ टक्के फ्लॅट म्हणजे दोन वर्षांचे व्याज २४,००० रुपये, एकूण परतफेड १,२४,००० आणि मासिक हप्ता ५,१६६.६७ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण मुद्दलावर लावलेले आहे, म्हणून खरा दर १२ हून बराच जास्त आहे एवढे सगळ्यांना कळते. नेमका किती, हे मात्र कोणत्याही सरळ सूत्राने निघत नाही. मुद्दल, मुदत आणि दर दिला तर हप्ता एका ओळीत निघतो. उलट दिशेने, हप्त्यावरून दर काढायचा तर दर समीकरणात दोन ठिकाणी अडकलेला असतो आणि तो सुटा करता येत नाही. मग अंदाज घ्यायचा, चूक किती ते बघायचे आणि अंदाज सुधारायचा, एवढाच मार्ग उरतो. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये शुल्कांसह वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहून द्यावा लागतो. तो आकडा कोणता तरी प्रोग्राम याच रीतीने काढतो. बारावीचे गणित झालेल्या कोणालाही तो घरी ताडून पाहता येईल, फक्त प्रोग्राम धड हवा.

मांडणी अशी. म हे हातात पडलेले मुद्दल, ह हा हप्ता, न ही हप्त्यांची संख्या, द हा मासिक दर, दशांशात (१ टक्का म्हणजे ०.०१). (१ + द) चा उणे न वा घात याला स म्हणू. मग सोडवायचे समीकरण:

फ(द) = (१ − स) ÷ द − म ÷ ह = ०

आणि त्याचा उतार, म्हणजे डेरिव्हेटिव्ह:

फ′(द) = [ न × स ÷ (१ + द) − (१ − स) ÷ द ] ÷ द

न्यूटन-रॅफसनची पायरी नेहमीचीच: नवा द = जुना द − फ(द) ÷ फ′(द). आपल्या उदाहरणात म ÷ ह = १९.३५४८४.

सुरुवात कुठून करायची, हा जर्नलमध्ये न विचारलेला प्रश्न इथे छान सुटतो. फ्लॅट मासिक दर, म्हणजे (न × ह − म) ÷ (न × म), हा खऱ्या दरापेक्षा नेहमी कमीच असतो, हप्ते एकाहून जास्त आणि व्याज धन असले की झाले. दुसऱ्या टोकाला ह ÷ म हा भागाकार खऱ्या दरापेक्षा नेहमी जास्त असतो, कारण (१ − स) हे १ पेक्षा लहानच राहते. म्हणजे कुठलाही अंदाज न बांधता मूळ दोन कुंपणांच्या आत सापडले: इथे ०.०१ आणि ०.०५१६६७. शिवाय फ हे फल सतत उतरते आणि त्याची वक्रता वरच्या बाजूला आहे. अशा फलावर मुळाच्या डावीकडून निघाले की न्यूटनची प्रत्येक पायरी उजवीकडे सरकते आणि मूळ कधी ओलांडत नाही. म्हणून ०.०१ पासूनच निघावे.

पहिल्या फेरीत फ = १.८८८५, उतार = −२५२.८९, नवा दर ०.०१७४६८. दुसऱ्या फेरीत फ = ०.११३१, उतार = −२२३.३४, नवा दर ०.०१७९७४. तिसरीत ०.०१७९७६ आणि पुढे आकडा हलत नाही. महिन्याला १.७९७६ टक्के म्हणजे बाराने गुणून वर्षाला २१.५७ टक्के, महिन्याचे चक्रवाढ धरले तर २३.८४ टक्के. पाटीवर मात्र १२. कागदावरचा दर या दोन रीतींपैकी कोणता, हे तपासल्याशिवाय दोन कर्जांची तुलना करू नये. त्यातच २ टक्के प्रोसेसिंग फी आधीच कापून घेतली तर म = ९८,००० होते, हप्ता तोच राहतो आणि बाराने गुणलेला दर २३.७० वर जातो. दोन हजार रुपयांनी दर दोन टक्क्यांहून अधिक वाढतो, कारण मुदत फक्त दोन वर्षांची आहे.

फेऱ्यांतली चूक कशी घटली तेही पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला चूक सुमारे ०.००८, मग ०.०००५, मग ०.०००००२. प्रत्येक नवी चूक ही जुनीच्या वर्गाच्या साधारण आठपट. पाठ्यपुस्तकात ‘वर्गाच्या गतीने अभिसरण’ असे जे छापलेले असते ते हेच, आणि प्रोग्रामने प्रत्येक फेरीचे आकडे छापले तरच ते विद्यार्थ्याच्या नजरेस पडते. नुसते शेवटचे उत्तर छापणारा प्रोग्राम शिकण्याच्या कामाचा नाही.

आता बिघाडांकडे. याच समीकरणाला द ने गुणून भागाकार घालवण्याचा मोह सगळ्यांना होतो: (म ÷ ह) × द − (१ − स) = ०. दिसायला सुटसुटीत, द = ० ला भागण्याचे भय नाही. पण गुणताना एक खोटे मूळ आत शिरले, द = ० हेच. या रूपाचा आलेख शून्यातून निघून आधी खाली जातो, ०.००८६४ ला तळ गाठतो आणि वर चढत खऱ्या मुळाशी अक्ष ओलांडतो. तळाच्या डावीकडून सुरुवात केली की न्यूटन खोट्या मुळाकडे जातो. ०.००८ घेतले तर पहिली उडी उणे ५.४ टक्क्यांवर पडते आणि तिथून पद्धत शांतपणे शून्यावर येऊन ‘उत्तर ०.००००’ असे छापते. चूक झाल्याची सूचना नाही, काही नाही. ०.००८६ घेतले तर तळाशी उतार जवळजवळ सपाट असल्याने उडी उणे ९६ टक्क्यांवर जाते. ०.०१ घेतले तर आधी ३.९५ टक्क्यांवर उडून मग खाली येत बरोबर उत्तर मिळते. म्हणजे एकाच सूत्राने, सुरुवातीच्या किमतीत पाव टक्क्याचाही फरक नसताना, तीन वेगळी वर्तने. समीकरण कोणत्या रूपात लिहिले हा प्रोग्रामचाच भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.

भागाकाराचे रूप घेतले तरी सुरुवातीची किंमत सैल सोडून चालत नाही. कोणी दर टक्क्यात द्यायचा की दशांशात यात घोटाळा केला आणि ०.५ पासून निघाला, तर पहिलीच पायरी उणे ३.८४ वर जाते. (१ + द) ऋण झाले, ज्याला व्याजदर म्हणून काही अर्थ नाही. घात पूर्णांक असेल तर गणित कुरकुर न करता पुढे चालते आणि किंमत उणे अनंताकडे पळते. घात अपूर्णांक असेल, म्हणजे दिवस भागिले ३६५ असे काही, तर सी मध्ये ‘नॅन’ (‘ही संख्याच नाही’ अशी खूण) मिळते आणि पायथन मुकाट्याने संमिश्र संख्या देतो.

नॅनचा स्वभाव विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवायला हवा. त्याची कोणाशीही लहान-मोठी तुलना केली की उत्तर ‘असत्य’ येते. म्हणून ‘फरक टॉलरन्सपेक्षा (चालवून घेण्याजोग्या चुकीपेक्षा) मोठा आहे तोवर फिर’ असे लूप लिहिले असेल तर नॅन येताच लूप थांबते आणि प्रोग्राम उत्तर सापडल्याच्या थाटात नॅन छापतो. उलट ‘फरक टॉलरन्सपेक्षा लहान झाला की बाहेर पड’ असे लिहिले असेल तर तो कधीच बाहेर पडत नाही. दोन्ही रूपे वर्गात समान म्हणून शिकवली जातात. नॅन आला की ती समान राहत नाहीत.

यावरचा उपाय कुंपणाचा. डावे आणि उजवे टोक प्रोग्रामने शेवटपर्यंत जवळ बाळगावे. प्रत्येक फेरीत फ काढल्यावर ते धन असेल तर चालू किंमत हे नवे डावे टोक, ऋण असेल तर नवे उजवे टोक. मग न्यूटनची पायरी काढावी आणि ‘ती डाव्यापेक्षा मोठी आणि उजव्यापेक्षा लहान असेल तरच घे, नाहीतर मधला बिंदू घे’ अशी अट लिहावी. शब्दांचा क्रम महत्त्वाचा आहे. ‘बाहेर असेल तर मधला घे’ असे लिहिले तर नॅन निसटतो, कारण तो बाहेर असल्याचेही असत्यच ठरते. ‘आत असेल तरच घे’ असे लिहिले की नॅन आपोआप मधल्या बिंदूकडे जातो, वेगळी तपासणी लागत नाही. जोडीला आणखी एक अट: पायरीची लांबी त्याआधीच्या पायरीच्या निम्म्याहूनही कमी होत नसेल तर त्या फेरीपुरते बायसेक्शन करावे, म्हणजे मधला बिंदू घेऊन कुंपण निम्मे करावे, म्हणजे न्यूटन आत राहूनही रेंगाळत असेल तर काम अडत नाही. आणि शंभर फेऱ्यांची मर्यादा. मर्यादा संपली तर शेवटची किंमत छापायची नाही. ‘मूळ सापडले नाही’ असे सांगून शेवटची दोन टोके आणि तिथल्या फ च्या किमती छापायच्या.

बायसेक्शनला वर्गात जी सावत्र वागणूक मिळते तीही थांबावी. आपल्या उदाहरणात कुंपणाची रुंदी ०.०४१६६७ आहे. ती ०.०००००००००१ च्या आत आणायला २९ वेळा निम्मे करावे लागते. न्यूटनला तीन-चार फेऱ्या, याला एकोणतीस. हाताने गणित करण्याच्या काळात हा फरक दिवसभराचा होता, आजच्या संगणकावर तो कोणाला जाणवणारही नाही. बदल्यात दोन्ही टोकांची चिन्हे विरुद्ध असतील आणि फल अखंड असेल तर मूळ हमखास मिळते. दोन्हींचे चांगले गुण एकत्र करणाऱ्या पद्धती पन्नासएक वर्षे वापरात आहेत. रिचर्ड ब्रेंट यांची १९७३ ची पद्धत त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. पायथनच्या सायपाय या गणिती संग्रहात ती ‘ब्रेंटक्यू’ नावाने मिळते, तिला उतारही द्यावा लागत नाही, आणि टोकांची चिन्हे सारखी असतील तर ती साफ नकार देते. तयार साधन वापरू द्यावे की नाही यावर मतभेद असतील. आधी स्वतः लिहावे आणि मग ब्रेंटक्यूशी उत्तर ताडून पाहावे, हे मला योग्य वाटते.

थांबण्याची अट हा दुसरा दुर्लक्षित भाग. ‘फ ची किंमत ०.०१ पेक्षा कमी झाली की थांब’ अशी अट घालणारे प्रोग्राम खूप दिसतात. पण फ कोणत्या एककात आहे? ‘हप्त्यांचे आजचे मूल्य वजा मुद्दल’ असे रुपयांत मांडले तर ०.०१ म्हणजे एक पैसा, फारच कडक अट. तेच कोणी आकडे लहान दिसावेत म्हणून लाखांत मांडले तर ०.०१ म्हणजे १,००० रुपये. त्या अटीवर वरचे गणित पहिल्या फेरीनंतरच थांबते आणि वार्षिक दर २१.५७ ऐवजी २०.९६ छापला जातो. प्रोग्राम तोच, समीकरण तेच, एकक बदलले आणि अर्ध्या टक्क्याहून अधिक दर गायब. म्हणून फ च्या आकारावर न थांबता द मधल्या बदलावर थांबावे, आणि तो बदल कशाच्या तुलनेत लहान हवा तेही लिहावे: एक ठरावीक लहान संख्या अधिक चालू किमतीचा एक लहान अंश. वार्षिक दर दोन दशांशांपर्यंत हवा असेल तर मासिक दरातली चूक ०.०००००४ च्या आसपास चालते. ती दुसऱ्या फेरीतच गाठली जाते. ‘टॉलरन्स जितका लहान तितके चांगले’ हाही गैरसमजच. दशांश संख्या साठवण्याच्या दोन प्रकारांपैकी ‘डबल’मध्ये पंधरा-सोळा, ‘फ्लोट’मध्ये जेमतेम सात अंक मावतात. २ च्या आसपास दोन शेजारच्या फ्लोट संख्यांमधले अंतरच सुमारे ०.००००००२४ आहे. तिथे त्याहून लहान टॉलरन्स दिला तर प्रोग्राम दोन शेजाऱ्यांमध्ये अखंड ये-जा करू शकतो, आणि फेऱ्यांची मर्यादा नसेल तर प्रात्यक्षिकाची वेळ संपेपर्यंत करतो.

दर फार लहान असेल, अनुदानित कर्जांत असतो तसा, तर (१ − स) मध्ये दोन जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी होते आणि अंक गळतात. त्यासाठी सी आणि पायथन दोन्हींच्या गणिती संग्रहात ‘लॉग१पी’ आणि ‘एक्स्पएम१’ ही दोन फंक्शने आहेत. (१ − स) हे ‘उणे एक्स्पएम१(−न × लॉग१पी(द))’ असे लिहिले की गळती थांबते. न × ह बरोबर म असेल तर दर शून्य, तो लूपमध्ये न शिरता आधीच परत द्यावा. न × ह हे म पेक्षा कमी असेल तर दर ऋण येतो. बहुतेक वेळा याचा अर्थ आकडे भरताना चूक झाली असा असतो, आणि प्रोग्रामने तसे विचारावे.

सी मध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या ठरलेल्या चुका आता भरभर. चिन्ह काढून टाकणाऱ्या फंक्शनांपैकी दशांशांसाठीच्या ‘फॅब्ज’ऐवजी पूर्णांकांसाठीचे ‘अ‍ॅब्ज’ लिहिले की दशांश भाग कापला जातो, ०.४ चे ० होते आणि लूप पहिल्या फेरीतच समाधान मानते. उत्तर मात्र खरे वाटण्याइतपत जवळचे असते, म्हणून ही चूक तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते. १२ ÷ १२०० हे दोन्ही पूर्णांक ठेवून लिहिले की उत्तर शून्य, आणि पुढे शून्याने भागाकार. छेदाभोवती कंस विसरला की ‘भागिले दोन गुणिले क्ष’ याचा अर्थ संगणक आधी दोनने भागून मग क्ष ने गुणणे असा घेतो. टोपीचे चिन्ह (^) एक्सेलमध्ये घात असते, सी आणि पायथनमध्ये नसते. तिथे २ टोपी ३ चे उत्तर १ येते. आणि एक्सेलमध्ये −२ टोपी २ हे ४ होते, पायथनमध्ये −२ चा त्याच्या पद्धतीने लिहिलेला वर्ग −४. क्ष = कोज्या क्ष या लाडक्या समीकरणाचे मूळ ०.७३९१ आहे, पण कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून ताळा करणाऱ्याला ०.९९९८ मिळते आणि तो बरोबर चालणारा प्रोग्राम मोडायला घेतो.

ज्यांना प्रोग्राम लिहायचा नाही ते एक्सेल वापरतात, आणि तिथेही आत हेच यंत्र फिरत असते. ‘रेट’ फंक्शनला २४, उणे ५१६६.६७ आणि १००००० दिले की मासिक १.७९७६ टक्के मिळतात. हप्त्याचे चिन्ह मुद्दलाच्या विरुद्ध द्यायला विसरले की ते त्रुटी दाखवते. मायक्रोसॉफ्टच्या माहितीनुसार ‘रेट’ २० फेऱ्यांत ०.००००००१ इतक्या अचूकतेपर्यंत पोहोचले नाही तर हार मानते. वेगवेगळ्या तारखांच्या रकमांवरून वार्षिक दर काढणाऱ्या ‘एक्सआयआरआर’ला १०० फेऱ्या मिळतात आणि अंदाज दिला नाही तर ते १० टक्के धरून निघते. एसआयपीचा परतावा काढणाऱ्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. तोट्यातल्या गुंतवणुकीत ‘एक्सआयआरआर’चे उत्तर कधीकधी ०.०० टक्के येते. तो रकाना रुंद करून पाहिला तर आत २.९८ गुणिले दहाचा उणे नववा घात असा विचित्र आकडा असतो. तो परतावा नव्हे, मूळ न सापडल्याची ती खूण आहे. तिसऱ्या जागी उणे १० किंवा उणे ३० टक्के असा अंदाज देऊन पुन्हा काढावे, आणि आलेल्या दराने सगळ्या रकमा आजच्या मूल्यात आणून बेरीज शून्य येते का ते पाहावे.

काही वेळा दोष पद्धतीचा नसून प्रश्नाचाच असतो. आज १,००० रुपये गुंतवले, वर्षाने २,३०० मिळाले आणि दुसऱ्या वर्षअखेर १,३२० भरावे लागले, तर परताव्याचा दर १० टक्केही बरोबर आणि २० टक्केही. रकमांचे चिन्ह दोनदा बदलले की दोन मुळे असू शकतात. अंदाज कोणत्या बाजूचा त्यावर कोणते हाती लागेल ते ठरते. अशा वेळी एकच आकडा छापणारे साधन दिशाभूल करते. रकमांची चिन्हे किती वेळा बदलतात हे मोजून, एकाहून जास्त वेळा बदलत असतील तर इशारा देणे, हे चार ओळींचे काम आहे. साध्या कर्जात चिन्ह एकदाच बदलते, म्हणून तिथे ही भानगड नाही.

घन समीकरणांवर माझा राग नाही. न्यूटनने १६६९ मध्ये स्वतः जे उदाहरण घेतले तेही घनच: क्ष चा घन − २क्ष − ५ = ०. २ पासून निघाले की २.१, मग २.०९४५६८, आणि मूळ २.०९४५५१. रॅफसनने १६९० मध्ये ती रीत सुटसुटीत केली आणि सिम्प्सनने १७४० मध्ये आजच्या विकलनाच्या रूपाजवळ आणली. हे व्हायवाला विचारायला ठीक आहे. पण त्याच समीकरणातली शेवटची संख्या बदलून क्ष चा घन − २क्ष + २ = ० घ्या आणि ० पासून निघा: पुढची किंमत १, त्यापुढची पुन्हा ०, मग १, मग ०, कायम. मूळ मात्र −१.७६९३ ला निवांत आहे. स्लिपवर हे समीकरण का येत नाही? व्यस्त स्पर्शज्या क्ष = ० हे दुसरे. मूळ उघड शून्य आहे, तरी १.३ पासून निघाल्यास पद्धत पोहोचते आणि १.४ पासून निघाल्यास दर फेरीला दूर पळते, सीमारेषा १.३९१७ च्या आसपास आहे. तिसरे, (क्ष − १) चा वर्ग = ०. इथे उत्तर मिळते, पण दर फेरीला चूक फक्त निम्मी होते, कारण मुळापाशी उतारही शून्य होत जातो. वर्गाच्या गतीचा दावा करणाऱ्या विद्यार्थ्याला आकडे छापून हे दाखवायला सांगावे.

तेव्हा परीक्षकांना आणि अभ्यास मंडळांवरील प्राध्यापकांना विनंती आहे. स्लिपमध्ये प्रोग्राम एकच मागावा, पण त्याला पाच वेळा चालवावे. एकदा २४ हप्त्यांच्या वरच्या कर्जावर, जिथे उत्तर १.७९७६ टक्के यायला हवे. एकदा फी कापून ९८,००० धरून, तिथे १.९७४९. एकदा न × ह = म अशा बिनव्याजी कर्जावर, तिथे शून्य, आणि तेही शून्याने न भागता. एकदा ० ते १ मध्ये घुटमळणाऱ्या घनावर, सुरुवात ० पासूनच, कुंपण −२ ते १ असे देऊन. उतरत्या फलासाठी लिहिलेली टोके बदलण्याची अट इथे उलटी करावी लागते, आणि त्यापेक्षा डाव्या टोकाच्या चिन्हाशी तुलना करणारी अट लिहिलेली बरी, हे विद्यार्थ्याला इथेच कळेल. शेवटी क्ष चा वर्ग + १ = ० वर, ज्याला वास्तव मूळच नाही. तिथे प्रोग्रामने कोणताही आकडा छापला तर गुण कापावेत. वीस गुणांच्या स्लिपमध्ये सूत्र आणि लूपला आठ, कुंपण, मर्यादा आणि थांबण्याच्या अटीला आठ, आणि प्रत्येक फेरीचा छापील तक्ता वाचून तोंडी स्पष्टीकरण देण्याला चार, अशी वाटणी मला योग्य वाटते. नवी सामग्री लागत नाही, संगणकही तेच चालतील. जर्नलचे एक पान मात्र नव्याने लिहावे लागेल.

आपला,
संख्यात्मक पद्धती शिकवणारा एक वाचक